चार डबे, एक पोट

"मॅडम, टेंभुर्णीच्या त्या घरातली चारही सॅम्पल एकाच माणसाची आहेत," सर फोनवर म्हणाले.

मी ओपीडीत एका आजोबांच्या पोटावर हात ठेवून उभी होते. त्यांना म्हटलं, श्वास रोखून धरा, आलेच. आणि बाहेर जाऊन बोलत बसले. परत आले तर आजोबा बिचारे अजून गाल फुगवून पडलेले. त्यांची माफी मागितली, तपासलं, औषध लिहून दिलं, पण लक्ष कशातच लागेना. कारण सर पुढे जे म्हणाले ते जास्त वाईट होतं. चारही डब्यांत दडलेलं रक्त सापडलं होतं.

मी जालन्यात पोटविकारांची डॉक्टर आहे. लोकांच्या आतड्यात दुर्बीण घालून बघणं हा माझा रोजचा धंदा. सर पुण्यातल्या एका लॅबचे प्रमुख. त्यांच्या स्टडीचं आमच्या जिल्ह्यातलं काम मी बघते, त्या हिशोबाने ते माझे बॉस. माणूस चांगला, पण जिवंत पेशंट समोर बसलेला त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितलेला नाही.

स्टडी काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. बहुतेक गुणी असतात, आपलं अन्न पचवायला मदत करतात. काही मात्र उपद्रवी. आता, मोठ्या आतड्याचा कॅन्सर काही एका दिवसात उगवत नाही. आधी आतल्या अस्तरावर चामखिळीसारखा एक कोंब येतो. त्याला आम्ही पॉलिप म्हणतो. पुष्कळ पॉलिप जन्मभर निमूट बसून राहतात, एखादा मात्र काही वर्षांत बिघडतो आणि त्याचा कॅन्सर होतो. अशा पॉलिपच्या आसपास काही ठरावीक जंतू जास्त सापडतात. त्यातला एक तर मुळात तोंडातला, हिरड्यांशी राहणारा. तो खाली आतड्यात कशाला जातो, त्याच्यामुळे कोंब वाढतो की कोंब आहे म्हणून हा तिथं मुक्काम टाकतो, यावर अजून मोठमोठ्या लोकांची भांडणं चालू आहेत. आमची स्टडी म्हणजे त्या भांडणात आम्हीही घातलेली एक काडी. ज्या घरात कुणी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेलंय, त्या घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांची शौचाची सॅम्पल घ्यायची, त्यातले जंतू बघायचे, रक्त बघायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्तसुद्धा तपासणीत कळतं. पॉलिप वेळेवर सापडला तर दुर्बिणीतूनच काढता येतो, पोट फाडावं लागत नाही.

टेंभुर्णीचं घर म्हणजे आबांचं. आबा सत्तरीकडे झुकलेले. बायको जनाबाई, मुलगा दत्ता, सून रेखा. नातवंडं लहान, ती स्टडीत नव्हती. त्याच घरात राहणारा आबांचा धाकटा भाऊ माझ्याकडेच आला होता. वर्षभर मूळव्याध समजून झाडपाल्याचं औषध घेत राहिला होता. मी दुर्बीण घातली तर ती पुढे सरकेना, एवढी मोठी गाठ. साठी बघितली नाही त्याने. त्याला शेवटचं घेऊन जाताना आबांनी मला हात जोडले होते. त्यामुळे हे घर यादीत आलं तेव्हा मी ते नाव दोनदा वाचलं होतं.

"एका घरातल्या चौघांचे जंतू अगदी सारखे नसतील का सर?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

ते म्हणाले, जुळ्यांचेसुद्धा हुबेहूब सारखे नसतात. ते बरोबरच होतं. आपल्याकडे विरजणाचं असतं ना तसं आहे हे. दूध एकाच म्हशीचं असलं तरी चार घरचं दही चार चवींचं लागतं. एका घरात जेवणाऱ्यांचे जंतू जवळपासचे असतात, पण प्रत्येकाचं विरजण वेगळं. इथे चारही डब्यांत एकच विरजण होतं. आणि त्यात ते उपद्रवी जंतू भरपूर होते.

म्हणजे कुणीतरी एकाने चारही डबे भरले होते. आणि त्या एकाच्या आतड्यात काहीतरी होतं.

आमची फील्डवर्कर कविता हिला बोलावलं. स्कूटीवर गावोगाव फिरून डबे वाटायचे आणि दुसऱ्या दिवशी गोळा करायचे, हे तिचं काम. ती म्हणाली, मॅडम, डबे मला गोठ्यातल्या खुंटीला पिशवीत टांगलेले मिळाले, घरात ठेवायला जनाबाईंनी बंदी केली होती, आणि शेजारी उदबत्ती लावून ठेवली होती. चिठ्ठ्या बराबर लावलेल्या होत्या, म्हणून तिला शंका आली नाही. मलाही आली नसती.

चौघांना जालन्याला बोलावलं. दत्ता जीप करून सगळ्यांना घेऊन आला. मी आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं आणि पहिल्याच वाक्याला चढवला. आबा शांत बसून ऐकत होते.

"चारी डब्यात माझंच हाय मॅडम," ते म्हणाले. "ह्यांना लाज वाटून राह्यली. मंग म्हनलं मीच देतो. मातीच्या तपासनीला एका वावराची एकच पिशवी देतो ना आपन? घर एक, चूल एक. पोटात वेगवेगळं काय असनार?"

मी कपाळाला हात लावला. माणसाचा हिशोब त्याच्या जागी पक्का होता. मी विरजणाचं समजावून सांगितलं. जनाबाईंना ते लगेच पटलं, मान हलवली. पण त्या सारख्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मला वाटलं, नवऱ्याची काळजी.

काळजी मलाही होती. भाऊ तसा गेलेला, आणि आता हे. मी आबांना दोन दिवसांनी दुर्बिणीसाठी यायला सांगितलं. आणि का कोण जाणे, खरं म्हणजे सवयीने, जाण्याआधी चौघांचीही नवी सॅम्पल हॉस्पिटलमध्येच घेतली. संडासाच्या दाराबाहेर कविता उभी. जनाबाई आत जाताना तिला म्हणाल्या, तू तिकडं तोंड करून उभी राह्य. घेतली एकदाची.

आबांची तपासणी केली. मोठं आतडं शेवटच्या टोकापर्यंत बघितलं. सत्तरीच्या माणसाचं इतकं स्वच्छ आतडं क्वचित बघायला मिळतं. पॉलिप नाही, जखम नाही, मूळव्याधसुद्धा नाही. दत्ताने माझ्या पायाला हात लावला. घरच्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. माझा काही पडेना. रक्त आलं कुठून मग?

आठवड्याभराने सरांचा फोन आला. नवी चारही सॅम्पल वेगवेगळी होती, जशी असायला हवीत तशी. एकातही रक्त नव्हतं. आणि आधीच्या डब्यांशी त्यातलं एकही जुळत नव्हतं.

"याचा अर्थ आबा खोटं बोलले," मी म्हटलं.

"याचा अर्थ पहिल्या वेळी कुठेतरी सॅम्पलची अदलाबदल झाली," सर म्हणाले. "तुमच्याकडे, वाटेत, किंवा आमच्याकडे. प्रोटोकॉल स्पष्ट आहे मॅडम. ओळख न पटलेलं सॅम्पल बाद. मी चारही काढून टाकतोय."

"आणि रक्त?"

"नाव नसलेल्या पेशंटला तुम्ही शोधणार कसं?"

त्यांचं चुकत नव्हतं, हाच तर त्रास होता. पण मला चैन पडेना. सॅम्पल बाद करता येतं. ज्याचं ते सॅम्पल आहे तो माणूस कुठेतरी जेवतोय, हसतोय, कामाला जातोय, आणि आत कोंब वाढतोय. तो माणूस या घराच्या आसपासचाच होता, कारण डबे त्याच गोठ्यातून आले होते. मी दत्ताला फोन करत राहिले. आधी तो उचलायचा आणि म्हणायचा, आबा म्हणतात तेच खरं. मग उचलेनासाच झाला. ओपीडीत कुणी जरा पोटावर हात ठेवला की मला वाटायचं, हाच तो. घरी नवरा म्हणाला, तू लोकांकडे कशी बघतेस माहीत आहे का, पोलिसासारखी.

शेवटी एका रविवारी मी गाडी काढली आणि टेंभुर्णीला गेले. कविताही सोबत होती. त्यांनी चहा दिला, पोहे केले. मी सरळच विचारलं, हे पाचवं माणूस कोण? रेखा स्वयंपाकघरात गेली. दत्ता नखं बघायला लागला. आबा म्हणाले, मशीन चुकली असंल मॅडम. मी म्हटलं, मशीन एकदा चुकेल, चार वेळा एकसारखी चुकणार नाही. ते पुन्हा तेच म्हणाले.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, आबा, तुमच्या भावाला तुम्ही आणलंत तेव्हा मी काय म्हणाले होते, आठवतं का? उशीर झाला, हेच म्हणाले होते. पुन्हा ते वाक्य बोलायला मला लावू नका.

आबा उठले, टोपी घातली आणि वावराकडे निघून गेले. मला वाटलं, संपलं, आता हे घर माझ्यासाठी बंद. मी उठले.

गाडीत बसले तेवढ्यात जनाबाई मोसंब्यांची पिशवी घेऊन आल्या. पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि खिडकीशी वाकल्या.

"मॅडम, परक्या घरच्या मानसाला असं काही निघालं, तर त्याच्या घरच्यांना सांगावंच लागतं का?"

"कुणाच्या घरचं माणूस?"

"आमचंच हाय," त्या म्हणाल्या. "पर दिलेलं."

मी दार उघडून त्यांना आत बसवलं, काचा वर केल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची लेक शोभा, दत्ताहून मोठी, धावड्याला दिलेली. पंचमीला माहेरी आली होती. कविताने डबे दिले ते त्याच दिवशी. चौघंही डब्यांकडे बघत बसलेले. आबा म्हणे मला जमणार नाही, दत्ता म्हणे उद्या बघू, रेखाला सासऱ्यांसमोर डबा हातात घ्यायची लाज. शोभा हसायला लागली. म्हणाली, आना इकडं, सगळ्यांचं मीच देते, आपलं रक्त एकच हाय. आणि सकाळी चारही डबे भरून खुंटीला टांगून, उदबत्ती लावून, दुपारच्या गाडीने सासरी निघून गेली. आम्ही जेव्हा रक्ताचं बोललो तेव्हा घरातल्या चौघांनाही त्याच क्षणी कळलं की हे रक्त शोभाचं. आणि चौघांनीही तोंडं शिवून घेतली.

कारण शोभाच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली होती. चुलत आजोबा कॅन्सरनं गेले हे आधीच सोयऱ्यांच्या कानावर होतं, त्यावरून एकदा बोलणी अडली होती. आता नवरीच्या आईलाही तेच, असं निघालं तर सोयरीक मोडणार, असं आबांचं पक्कं मत. म्हणून त्यांनी डबे स्वतःच्या अंगावर घेतले. लग्न होऊन जाऊ द्यावं, मग शोभाला दाखवावं, असं ठरलं होतं. पण जनाबाईंना झोप लागत नव्हती.

"लग्नापर्यंत थांबलं तर चालंल का मॅडम?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं मला माहीत नव्हतं. पॉलिप असेल तर दोन महिन्यांनी फारसं बिघडत नाही. कॅन्सर होऊन बसला असेल तर एकेक आठवडा मोलाचा. बघितल्याशिवाय कळत नाही. तेवढंच सांगितलं. त्यांनी तिथेच गाडीत बसून शोभाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

शोभाचा आवाज मोकळा, हसरा. मी विचारलं, शौचाला कधी रक्त दिसतं का?

"पडतं कधीमधी. मूळव्याध असंल, मॅडम."

तिचा काकाही अगदी असंच म्हणाला होता. मी म्हटलं, शोभा, तुला यावं लागेल. ती म्हणाली, येते, पर सासरी कळायला नको. सासूबाई एकेक गोष्ट दहा घरी सांगतात. मी म्हटलं, नवऱ्याला तरी सांग. ती म्हणाली, त्यांना सांगितलं की ते आईला सांगतील, ते भोळे हायत.

उपाय तिनेच काढला. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट पूर्ण रिकामं लागतं. काही खायचं नाही, नुसतं पाणी आणि पातळ पेयं, आणि संध्याकाळी पोट साफ करायचं औषध. शोभा दर संकष्टीला राजूरच्या गणपतीला जायची, आणि उपास धरायची. घरी कुणी विचारणार नाही की ही का जेवत नाही. राजूरला आई भेटेल, तिथून माहेरी चालले असं सांगायचं आणि जालन्याची एसटी पकडायची. मी बजावलं, साबुदाणा नाही, शेंगदाणा नाही, केळंसुद्धा नाही. ती म्हणाली, चालंल, बाप्पाला म्हणीन या वेळी कडक धरला.

सरांना कळवणं भाग होतं. ते घाबरले. ती आपल्या स्टडीत नाही, तिची संमती नाही, आपण तिच्याशी संपर्क करू शकत नाही, असं सगळं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, सर, ती माझ्याकडे पेशंट म्हणून येतेय, स्वतःच्या पायांनी, आईबरोबर. तुमच्या कागदावर तिला घेऊ नका. ते म्हणाले, आणि काही कमीजास्त झालं तर? मी म्हटलं, तर ते माझ्या डोक्यावर.

बोलायला बोलले, पण त्यानंतर माझी भूक मेली. पॉलिप काढताना आतड्याला भोक पडू शकतं. रक्त थांबत नाही असंही होतं. फार क्वचित, पण होतं. आणि झालं तर धावड्याची माणसं येऊन विचारणार, आमच्या सुनेला आम्हाला न सांगता टेबलावर घेतलीच कशी? कायद्याने तिची सही पुरेशी आहे. पण दवाखान्याच्या दारात चाळीस माणसं उभी राहिली की कायदा कोण वाचतो?

संकष्टीच्या दुपारी दोघी मायलेकी आल्या. शोभा चाळिशीतली, उंच, कपाळावर राजूरचा शेंदूर. संध्याकाळी औषधाचा मोठा तांब्या तिच्यासमोर ठेवला. खारट, बेचव पाणी, भरपूर प्यायचं. चंद्र उगवल्यावर तिने खोलीच्या खिडकीतून हात जोडले आणि म्हणाली, मॅडम, उपास सोडायला असला प्रसाद पहिल्यांदाच बघून राह्यले. तिला हसू येत होतं. जनाबाईंना येत नव्हतं, आणि मलाही.

सकाळी तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं. मी दुर्बीण आत घातली. शेवटपर्यंत नेऊन मग हळूहळू बाहेर येत बघायचं, अशी पद्धत आहे. पण जाताना डाव्या बाजूच्या वळणावरच तो दिसला. मोठ्या बोराएवढा, देठ असलेला, वरून लालभडक, खरबरीत. काकाची गाठ याच वळणावर होती. माझी सिस्टर कधी बोलत नाही, तीसुद्धा "अगंबाई" म्हणाली.

आधी बाकीचं आतडं बघून घेतलं. स्वच्छ होतं. मग पॉलिपकडे आले. तारेचा बारीक फास देठाभोवती टाकायचा, आवळायचा आणि विजेने जाळत कापायचं. देठ असला की काम सोपं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याला धावड्याची माणसं डोळ्यांसमोर दिसत नसतात. फास दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. कापल्यावर देठातून रक्ताची चिळकांडी आली, स्क्रीन लाल. मी एक क्लिप लावली, धातूचा छोटा चिमटा असतो तो. रक्त कमी झालं. दुसरी लावली. थांबलं. मी तिथेच पाणी मारत, बघत थांबले, उगाच, कितीतरी वेळ. सिस्टर म्हणाली, मॅडम, थांबलंय. मी म्हटलं, बघू दे मला.

पॉलिप बाटलीत घालून तपासणीला पाठवला. हातमोजे काढते न काढते तोच वॉर्डबॉय आला. म्हणाला, पेशंटचा नवरा बाहेर बसलाय.

झालं, म्हटलं. धावड्याच्या कुणीतरी दोघींना राजूरला जालन्याच्या एसटीत चढताना बघितलं होतं आणि गावात जाऊन सांगितलं होतं, आणि जालना म्हटल्यावर नवऱ्याला काकाचा दवाखाना आठवला होता. जनाबाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या, जावयासमोर मान वर करेनात. नवरा बाकावर बसलेला. मोठा थोरला माणूस, गुडघ्यावर हेल्मेट. मी मनात सगळी वाक्यं तयार केली, पेशंट सज्ञान आहे, तिची सही आहे, आवाज खाली ठेवा. तो उठून उभा राहिला.

"कॅन्सर हाय का?"

मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. तो म्हणाला, इचारा मंग. मी आत गेले. शोभा अर्धवट जागी होती. नवरा आलाय म्हटल्यावर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाली, सांगा त्यांना सगळं.

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. आत जाऊन तो तिच्या पलंगाशी उभा राहिला. मी कान टवकारून होते, आता काय बोलतो म्हणून.

"मला सांगितलं असतं तर गाडी केली असती," तो म्हणाला. "उपाशी बाई एसटीनं आली."

मग तो खाली जाऊन तिच्यासाठी नारळपाणी घेऊन आला. जनाबाईंनाही एक दिलं. आणि जाताना मला म्हणाला, मॅडम, आमच्या म्हातारीला मी मूळव्याध होती म्हणून सांगतो, तुम्हाला कुणी इचारलं तर तुम्ही बी तेच सांगा. मी म्हटलं, मी कुणालाच काही सांगत नसते. तो म्हणाला, ते तर लई बरं.

आता रिपोर्टची वाट. या दिवसांइतकं वाईट काही नसतं. पॉलिपचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नुसता कोंब असेल तर प्रश्न मिटला. कॅन्सर देठातून खाली आतड्यात उतरला असेल तर ऑपरेशन, पोट उघडायचं, लग्न राहिलं बाजूलाच. शोभाचा फोन रोज यायचा, आला का रिपोर्ट? आबांचा एकदाही आला नाही, पण जनाबाई म्हणाल्या, ते रोज फोनकडं बघत बसतात.

रिपोर्ट आला तेव्हा मी तो आधी शेवटून वाचला. पॉलिपच्या टोकाला पेशी पार बिघडलेल्या होत्या, कॅन्सरच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. उंबरा ओलांडला नव्हता. देठ स्वच्छ. म्हणजे काढला तेवढा पुरे. मी खुर्चीत बसूनच रडले. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर हे बरं दिसत नाही, पण रडले. मग शोभाला फोन केला. ती म्हणाली, मॅडम, लेकीच्या लग्नाला यावं लागंल आता.

लग्नाला गेले. शोभाच्या सासूबाईंनी मला स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल तासभर सांगितलं. आबा जेवणाच्या पंगतीत वाढत होते. माझ्या ताटात त्यांनी न विचारता दोनदा बुंदी घातली.

आता पुढचं. सरांना मी एक साधी गोष्ट सांगितली. आपण घरात राहणाऱ्यांची यादी करतो. लेकी लग्न होऊन गेल्या की रेशनकार्डावरून नाव कमी होतं, तसं आपल्याही यादीतून झालं होतं. सून आपण घेतली, जिचा त्या मेलेल्या माणसाशी रक्ताचा संबंध नाही, आणि सख्खी पुतणी सोडली. सर म्हणाले, हे पुण्यात आमच्या कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? आता कविता घरात गेली की आधी विचारते, लेकी कुठं कुठं दिल्यात? लोक म्हणतात, त्यांचं काय काम, त्या दिलेल्या. ती म्हणते, असू द्या, पत्ता सांगा.

ठरलेल्या मुदतीनंतर शोभा पुन्हा तपासणीला आली. या वेळी गाडी करून. आतडं स्वच्छ निघालं. सोबत नवरा, आबा, जनाबाई, दत्ता, रेखा, सगळे. प्रत्येकाच्या हातात आपापला डबा, आणि आबांनी स्वतःचा कुणालाही धरू दिला नाही.

आमच्या धंद्यात शिकवतात, ओळख न पटलेलं सॅम्पल फेकून द्यावं. नियम बरोबर आहे, मीही पोरांना तोच शिकवते. फक्त एवढंच जोडते, फेकण्याआधी ते कुणाचं आहे ते विचारून यावं.